फौजदाराच्या मार्फत

मामाजी,

या घरात येऊन मले सात वर्षं झाली. सात वर्षांत मी तुमाशी तोंडातोंडी बोलली ते एकदाच. हे दुसऱ्यांदा. तेव्हाही तुमी सरळ उत्तर दिलं नव्हतं, आताही देणार नाही, म्हणजे माहं नवीन काही अडत नाही.

पुस्तकात लिहितात तसं लिहावं म्हणून बसली होती. चौथी पास आहे मी, अक्षरही बरं आहे. 'आपल्या दुःखद निधनाने' म्हणून दोन ओळी लिहिल्या, अन् मनात तुमचाच आवाज आला, "हे कोणाच्या घरचं मयत हाये रे?" कागद फाडला. आता जिभेवर येते तसं लिहून राह्यली. काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. आत्याबाई, तुमच्या कारभारीण, ओसरीवर तुमच्या बाजेकडे पाठ करून बसल्या आहेत, तिकडे पाहिलं का त्याइले रडू येते. अनसिंगच्या पाहुण्यानं विचारलं, "म्हातारबाले काही दुखणं होतं काय?" मी मनात म्हटलं, दुखणं त्याइले नव्हतं, त्याइचं दुखणं आमाले होतं! असं म्हणून हसू आलं अन् मंग पदरात तोंड घालून खूप रडली. बायाइले वाटलं, सून किती मायाळू. असू द्या.

तुमचा राग साऱ्या गावाले माहीत. ताटात मीठ जास्त झालं का ताट अंगणात. बैल उशिरा सुटला का गड्याच्या सात पिढ्या बाहेर. अन् मी, सून, त्या रागापुढं तोंड उघडणार कशी? आपल्या घरची रीतच होती. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. डोक्यावर पदर, नजर पायाकडे, तुमी ओसरीवर असले तर मी मागच्या दारानं. माहं लग्न झालं त्याच साली गावातल्या बाया पयल्यांदा मत टाकायले गेल्या. तुमी स्वतः बंडी जुंपून आत्याबाईले घेऊन गेले, अन् येताना साऱ्या रस्त्यानं सांगत आले, "आता बायाचंबी सरकारात चालते." घरात मात्र सुनेनं 'पाणी निवलं' एवढंही म्हणायचं नाही. तेव्हा मले त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्या घरी तसंच होतं.

पण घर म्हटलं का दिवसातून दहा कामं निघतात. त्याच्यासाठी फौजदार होता. ओसरीच्या दांड्याले लटकलेला तुमचा राघू, गळ्यात काळी-गुलाबी कंठी, मान अशी ताठ का जणू आताच कोणाले कोठडीत टाकून आला. त्याले एक शब्द बोलता येत नव्हता. तुमी वर्षभर 'राम राम' शिकवलं, त्यानं "ट्यँ" एवढंच उत्तर दिलं. तरी घरातले सारे निरोप त्याच्याच मार्फत.

मी दाराआडून म्हणे, "फौजदार, सांग म्हणा, आंघोळीचं पाणी निवून राह्यलं."

तुमी म्हणत, "फौजदार, सांग म्हणा, येऊन राह्यलो. कोणाची गाडी सुटून नाई राह्यली."

एकदा वरणात मीठ जास्त झालं. तुमी ताट फेकलं नाही, ते मले आजही नवल वाटते. फक्त म्हटलं, "फौजदार, घरात मिठाची खाण लागली काय रे?" मी चुलीपाशी हळूच म्हटलं, "फौजदार, जीभच तिखट असली त मीठ काय करन?" मले वाटलं ऐकू गेलं नाही. तुमाले ठसका लागला. तो ठसका होता का हसू, हे तुमी कधी कळू दिलं नाही.

मंग तुमाले राघूची पिल्लं काढायचं वेड लागलं. रिसोडच्या बाजारातून मादी आणली, ठकी. कोठ्याचा एक खण, जिथं पयले वासरं बांधत, तो जाळीनं बंद केला. जाळी अकोल्याहून आणली. एका मडक्याले भोक पाडून ते आडवं टांगलं, अन् फौजदाराले लहान पिंजऱ्यातून काढून तिथं सोडलं. गाव हसलं. पारावर कोणी म्हटलं, "म्हातारबा, राघू ढोलीत निपजते, कोठ्यात नाई." तुमी तिथंच पागोट्यावर हात ठेवून सांगतलं, "याच कोठ्यात पिल्लं काढून दाखवतो. नाई काढले त पागोटं उतरवून ठेवीन." आत्याबाई म्हणाल्या, "झालं! आता अंडी राघूनं द्यायची अन् इज्जत आपली जायची."

ठकीनं चार अंडी दिली. त्या दिवसापासून फौजदार खरा फौजदार झाला. जाळीजवळ कोणी गेलं का पंख पसरून, डोळ्याची बाहुली लहान-मोठी करत अंगावर येई. हे दाणा टाकायले गेले, त्याइचा कान फोडला. आत्याबाईच्या बोटाले लटकला, त्या ओरडल्या, "मेल्या, तुह्या बारशाचं जेवली मी!" तुमी सूप ढालीसारखं पुढं धरून आत जात अन् शिव्या देत बाहेर येत. सुपाले भोकं पडली. त्या सुपात मंग ज्वारी पाखडता येईना, मिरच्याइच्या वाळवणालेच कामी आलं.

मी रोज आत जाई. झाडून काढणं, पाणी बदलणं, माहंच काम होतं. मले तो कधी चावला नाही. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, अन् खरं सांगते, माह्याही आलं नाही. सुनेनं झाडलं, झालं. त्यात पाहायचं काय?

झाडता झाडता मी मात्र पाहत होती. ठकी मडक्यातून हलत नव्हती. फौजदार वाटीतले हरभऱ्याचे सोले खाई, मडक्याच्या तोंडाशी जाई, मान खालीवर करून खाल्लेलं पुन्हा तोंडात आणे अन् तिले भरवे. दिवसातून कितीक वेळा. मले तर बाई हेवा वाटला. मी मनात म्हटलं, पाहा, चावरा असला तरी बायकोले जेवू घालते.

तीन पिल्लं निघाली. चौथं अंडं वांझ गेलं. तुमाले पाहायची एवढी घाई झाली का सूप घ्यायचं विसरले. मोढा ठेवून वर चढले अन् मडक्यात डोकावले. फौजदारानं तुमचा अंगठा असा धरला का हाडाले लागला. रक्त धोतरावर. तुमी त्याच्यावर घोंगडी टाकली, गुंडाळला, लहान पिंजऱ्यात कोंबला अन् पिंजरा धान्याच्या खोलीत टांगला. "बाप हाये का कसाई!" तुमी ओरडले. "माह्या अंगठ्याचं हे केलं, त्या उघड्या पिल्लाइचं काय करन? आता याले पिल्लं पोसेपर्यंत सोडीन त नावाचा नाई."

मामाजी, आज म्हणते, तुमचा हेतू वाईट नव्हता. तुमाले पिल्लांचीच काळजी होती. पण त्या दिवशी मले तुमचा असा राग आला का भाकर थापताना दोन फाटल्या.

कारण ठकी मडक्यातून निघेना. पिल्लांच्या अंगावर पीस नाही, हवा गार, ती त्याइले सोडून वाटीपर्यंत कशी येईन? तोंडाशी येऊन बसे, इकडे पाहे, तिकडे पाहे, पुन्हा आत. सोले वाटीत सुकले. दुसऱ्या दिवशी पिल्लांचा आवाज बारीक झाला. तुमी जाळीबाहेर उभे राहून म्हणत होते, "खा ना वं, खा. आता कोणी तरास देत नाई तुले." तिले तरास कोणता होता ते तुमाले कळलंच नाही.

मी आत्याबाईले म्हटलं, "मामाजीले सांगा ना, फौजदाराले आत सोडा म्हणा." त्या म्हणाल्या, "त्याइले सांगनारी मी कोन वं? जलम गेला, कढीत मीठ किती टाकू हेबी इचारलं नाई मी." याइले सांगितलं, हे कानाची पट्टी सांभाळत म्हणाले, "बाबाले? मले दुसरा कान ठेवायचा हाये." मंग उरला फौजदार. धान्याच्या खोलीच्या दाराशी उभी राहून, तुमाले ऐकू जाईन अशी मी म्हटली, "फौजदार, सांग म्हणा, ठकी उपाशी हाये. तूच चारत होता तिले."

ओसरीवरून तुमचा आवाज आला, "फौजदार, सांग म्हणा, ज्याचं त्यानं पाहावं. चुलीपाशी ढीगभर काम असते."

ते मले लागलं. आजही लागते. तुमाले सांगून टाकते आता.

मी भ्याली होती, मामाजी. मागच्या गल्लीतल्या सुनेनं सासऱ्याले उलट उत्तर दिलं म्हणून तिले कपाशी वेचून होईपर्यंत माहेरी ठेवलं होतं, अन् तिच्या बापाले चार माणसात खाली मान घालून तिले परत आणून सोडा लागलं. माहा बाप तसा उभा राह्यलेला मले पाहवला नसता. इकडे ती तीन पिल्लं. एक माणूस बोलला तर वाचतात, नाही बोलला तर मरतात, अन् तो माणूस म्हणजे मी. साऱ्या घरात एक मलेच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज दोनाचाच आला. मी हात पुसले. पुढच्या दारानं ओसरीवर आली. तुमी अंगठ्याले हळद बांधून बाजेवर बसले होते.

"मामाजी," मी म्हटलं.

आत आत्याबाईचं जातं थांबलं.

"मामाजी, फौजदाराले आत सोडा. तो ठकीले चारते, ठकी पिल्लाइले चारते. तुमी त्याले काढलं, सारं घर उपाशी पडलं. एक पिल्लू गेलं असन. दोन बाकी हायेत."

तुमी माह्याकडे पाहिलं नाही. समोर बैलाच्या गव्हाणीकडे पाहत विचारलं, "कोन बोलून राह्यलं?"

"मी. सून."

मंग तुमी उठले. धान्याच्या खोलीत गेले, फौजदाराचा पिंजरा घेतला अन् कोठ्याकडे निघाले. मी मागं. जाळीच्या दाराशी तुमी थांबले. आत फौजदार दांडी चावून राह्यला होता. तुमी अंगठ्याकडे पाहिलं. अन् मामाजी, पयल्यांदा मले दिसलं का तुमालेही भेव वाटते.

तेव्हा कुठं माह्या डोक्यात ते लख्ख झालं. मले तो काहून चावत नाही? कारण मी त्याच्यापुढं सुनेसारखी जात होती. वाकून, डोक्यावर पदर, नजर खाली, कोपऱ्यात वाटी ठेवायची अन् मागच्या पायानं परत. तुमी जात उंच पागोटं घालून, छाती काढून, त्याच्या डोळ्यात डोळे घालून. ज्याच्या घरात लेकरं आहेत तो अशा माणसाले आत येऊ देईन काय?

"मामाजी," मी म्हटलं, "आधी पागोटं काढा."

तुमी असे गर्रकन वळले का मले वाटलं आता झालं.

"पागोटं काढा. दुपट्टा डोक्यावरून घ्या. खाली पाहा. मडक्याकडे पाहूच नोका. सोल्याची वाटी पयले दूरच्या कोपऱ्यात ठेवा, मंग याचं दार उघडा अन् खालीच बसून राहा. सुनेवाणी जा आत."

पारावर ज्या पागोट्यावर हात ठेवून तुमी पैज लावली होती, ते तुमी काढलं. माह्या हातात दिलं. दुपट्टा डोक्यावरून घेतला, टोक दातात धरलं, हे मी सांगितलं नव्हतं, तुमचं तुमी धरलं, अन् आपल्या घरचा वाघ कंबरेत वाकून, पाय घासत, नजर जमिनीले लावून राघूच्या घरात शिरला.

फौजदार बाहेर आला. दांडीवर बसला. तुमच्याकडे पाहिलं, मान इकडे केली, तिकडे केली. तुमी हलले नाही. तो वाटीवर गेला, बकाबका खाल्लं, अन् सरळ मडक्याच्या तोंडाशी. ठकी अर्धी बाहेर आली. त्यानं तिले भरवलं, पुन्हा खाल्लं, पुन्हा भरवलं. थोड्या वेळानं मडक्यातून चिरचिर ऐकू आली, पयले एकाची, मंग दोघांची.

तुमी तसेच वाकून, मागच्या पायानं बाहेर आले. मी पागोटं छातीशी धरून उभी, तोंडात पदर कोंबलेला, हसू आवरेना अन् डोळ्याले पाणी. तुमी पागोटं घेतलं, नीट बसवलं, घसा साफ केला अन् जाळीकडे तोंड करून म्हटलं, "फौजदार, कोणाले सांगशील त पाहून घेईन!"

एक पिल्लू गेलंच होतं. ते तुमी जाईच्या बुडाशी पुरलं. दोन वाढले, त्याइले पंख फुटले, अन् पारावरचे लोक कोठ्यात येऊन पाहून गेले. मले कोणी माहेरी पाठवलं नाही. तुमी ती गोष्ट घरात कधी काढली नाही, फक्त भांडण मात्र वर्षानुवर्षं चालू ठेवलं. सोले निवडता निवडता म्हणत, "फौजदार, मी तुले चौथ्या दिवशी सोडनारच होतो, कोनी सांगो का न सांगो." मी आतून म्हणे, "फौजदार, चौथ्या दिवशी कोणासाठी सोडत होते म्हणा, मुंग्याइसाठी?" ते भांडण मिटलं नाही. बरं झालं, मिटलं असतं तर आपण बोललो असतो कशावर?

अन् माही पोरगी झाली तेव्हाचं. पयली पोरगी म्हणून बाया दबक्या आवाजात बोलत होत्या, अन् मी अशी चिडली होती का कोणी पाळण्याकडे आलं तरी चावावं वाटे. तुमी दाराशी आले. पागोटं बाहेर खुंटीवर. दुपट्टा डोक्यावरून. खाली पाहत आत आले, डिंकाच्या लाडवाची वाटी दूरच्या कोपऱ्यात ठेवली अन् भिंतीशी जमिनीवर बसून राह्यले. पाळण्याकडे पाहिलंच नाही. मी ओळखलं. मी पोरगी उचलून तुमच्या मांडीवर दिली. फौजदार तर कोठ्यात होता, तरी तुमी म्हटलं, "फौजदार, नात झगडाळू दिसते. चांगलं हाये." मामाजी, त्या दिवशी मले बोलायचं होतं. दुसऱ्यांदा बोलायले तोच दिवस होता. मी नाही बोलली. रीत आडवी आली म्हणते, पण खरं म्हणजे लाज वाटली. तेवढी एक चूक माही.

अन् एक तुमची. ती सांगितल्याशिवाय मी कागद बंद करत नाही. रिसोडकडचे, कुठकुठचे लोक येत, "म्हातारबा, आमचा नर अंगावर येते, काय करू?" तुमी ओसरीवर बसून सांगत, "नराले काढू नोको. खाली पाहून जाय. चारा दूर ठेव." मी दाराआड उभी. प्रत्येक शब्द माहा! अन् तुमी मिशीवर हात फिरवून म्हणत, "राघूचं मले इचारा." माहा असा जळफळाट होई! एकदा तरी म्हणतील, म्हणून मी कितीदा त्या दाराआड उभी राह्यली, तुमाले काय माहीत. कधी म्हटलं नाही तुमी. हे मनात घेऊनच मी तेरा दिवस रडली. माया होती, अन् हेही होतं.

आज सकाळी केनवडचा एक माणूस आला. उंच, लाल पागोटं, हाताले चिंधी बांधलेली. त्याले ठाऊकच नव्हतं तुमी गेले ते. याइनं सांगितलं. तो पायरीवरच बसला, कपाळाले हात लावला. मंग म्हणाला, "राघूचं इचारायले आलतो."

हे म्हणाले, "बाबाच गेले. आता कोणाले इचारता भाऊ?"

"तसं नाई," तो म्हणाला. "तीन बाजारामागं रिसोडात भेटले होते. मी म्हटलं, तुमच्या घरी येतो शिकायले. त म्हणे, 'ये, पन मले इचारू नोको. माह्या सुनेले इचार. मले जे येते ते तिनंच शिकवलं. तिनं मले पागोटं उतरवायले लावलं, म्हणून माहं पागोटं राह्यलं.' साऱ्या बाजारात सांगत राहे म्हातारबा. तुमाले माहीत नाई?"

घरात नाही सांगितलं, बाजारात सांगितलं! जिथं माहा कान पोचणार नाही तिथं. तुमचं सारं असंच उलटं, मामाजी. मी दाराआड होती.

आत्याबाईनं तेरा दिवसांत पयल्यांदा तोंड वळवलं. तुमच्या बाजेकडे पाहिलं, मंग माह्याकडे, अन् म्हणाल्या, "जाय ना वं. मानूस इचारून राह्यला ना?"

मी पदर नीट केला अन् पुढच्या दारानं ओसरीवर आली. कोठ्यात फौजदार "ट्यँ" करून ओरडला. त्याले म्हटलं, थांब रे, आता तुहं काम नाही.

अन् त्या माणसाकडे सरळ पाहून मी म्हटलं, "आधी पागोटं काढा, भाऊ."